दात बसवल्यानंतरची जबाबदारी



स्वीडनचे पेर-इंग्वर ब्रोनेमार्क सशाच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम संपल्यावर काढू गेले, तर निघेना. हाडाने ते घट्ट धरलं होतं. त्याच वाटेने पुढे जात १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. जगाची मान्यता मिळाली ती १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर. लार्सन २००६ साली वारले, तोवर त्याच इम्प्लांटवर ते जेवत होते.

चाळीस वर्षांचा हा दाखला आपण दंतवैद्य पेशंटला हौसेने देतो आणि ‘कायमचा दात’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द आपण जपून वापरावा, असं मला मनापासून वाटतं. इम्प्लांट किडत नाही, हे खरं. पण नैसर्गिक दाताला हाडाशी बांधणारे तंतू त्याच्याभोवती नसतात. त्यामुळे चावताना जोर किती पडतोय याचा अंदाज कमी येतो आणि वरचा दात इम्प्लांटला जोडणारा स्क्रू ढिला होऊ शकतो. हिरडीची पकडही तिथे नाजूक असते. सूज खाली उतरून हाड झिजू लागतं, आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. पेशंटला कळतं तेव्हा इम्प्लांटचे आटे उघडे पडलेले असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि साखर ताब्यात नसलेल्यांत हा धोका जास्त. आपल्याकडे त्यात मशेरी आणि गुटख्याची भर. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी सुपारीने तोंड आखडलेली तरुण मुलं आपल्या खुर्चीत बसतातच. तिथे ड्रिल आत घालायलाही जागा नसते. अशा वेळी ‘आत्ता नको’ म्हणण्याचं धैर्य आपण दाखवलं पाहिजे, भले पेशंट शेजारच्या दवाखान्यात जावो.

मला सगळ्यात जास्त सलते ती वेगळीच गोष्ट. परगावी इम्प्लांट बसवून घेतलेली एखादी आजी येते. कॅप हलतेय, एवढीच तक्रार. एक्स-रेत आटे स्वच्छ दिसतात, पण कंपनी कोणती? आजींना ठाऊक नाही, मूळ दवाखाना बंद झालेला. स्क्रू फिरवायचा ड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा, म्हणून पेटीतला एकेक लावून पाहायचा. एक सैल, दुसरा बसतच नाही. योग्य ड्रायव्हर असता तर पाच मिनिटांचं काम. तो नाही म्हणून कॅप कापावी लागते, कधी चांगलं धरलेलं इम्प्लांटही वाया जातं. मुलाने कर्ज काढून बसवलेला दात असतो तो. यात पेशंटची काय चूक?

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, व्यास, लांबी आणि बॅच नंबर छापलेला स्टिकर असतो. तो आपण केसपेपरवर चिकटवतो. तीच माहिती एका कार्डावर, मराठीत, पेशंटच्या हाती द्यायला काय लागतं? मागच्या बाजूला दर सहा महिन्यांच्या तपासणीचे रकाने, आणि हिरडीतून रक्त आलं तर वाट न पाहता या, एवढं ठळक अक्षरांत.

असं कार्ड दिल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असं समजू नये, हा ठराव मी दुपारच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. त्याला आपलं अनुमोदन हवं आहे.