अंकल स्क्रूजच्या सहीची नोट
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



"काका, तुमच्या त्या मिकी माउसच्या नोटांवर बोला," असा कमिटीच्या तरुण मंडळींचा हुकूम झाला. बँकेत आयुष्यभर खऱ्या नोटा मोजलेल्या माणसाने खोट्या नोटा जमवाव्यात, याची काहींना गंमत वाटते. पण या नोटा खोट्या नाहीत, हेच तर मला आज सांगायचं आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाला डिस्नीलँड आणि फ्लोरिडाला वॉल्ट डिस्नी वर्ल्ड आहे, हे आपल्या नातवंडांनाही ठाऊक आहे. या कंपनीने १९८७ साली स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांचं नाव 'डिस्नी डॉलर'. एक खरा डॉलर द्या, एक डिस्नी डॉलर घ्या. १ च्या नोटेवर मिकी, ५ वर गूफी, आणि मागून आलेल्या १० च्या नोटेवर मिनी. डिस्नीलँडला ५० वर्षं झाली तेव्हा, २००५ मध्ये, ५० ची नोटही निघाली. आपल्या नोटेवर गव्हर्नरसाहेबांची सही असते, तशी यांच्यावर खजिनदार म्हणून स्क्रूज मॅकडकची सही! नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर 'डक टेल्स' पाहिलेल्यांना हा चिक्कू बदककाका आठवत असेल. प्रत्येक नोटेला क्रमांकही असतो. त्यातल्या अक्षरावरून, म्हणजे ए असेल तर डिस्नीलँडची आणि डी असेल तर डिस्नी वर्ल्डची, हे जाणकार ओळखतात.

आता हिशेब बघा. तुम्ही काउंटरवर डॉलर दिलात की तो कंपनीच्या वहीत देणं म्हणून लागतो. तुम्ही त्या नोटेने आईस्क्रीम घेतलंत की देणं फिटलं. पण नोट आवडली म्हणून घरी आणून कपाटात ठेवलीत, तर डॉलर कंपनीकडेच राहिला, खर्च फक्त छपाईचा. आपल्या गणपतीतल्या आनंदमेळ्याचं तसंच आहे. न वापरता खिशात राहिलेल्या कुपनाचे पैसे मंडळाच्या गल्ल्यात राहतात, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

मुलगा फ्लोरिडात नोकरीला होता, तेव्हा २००३ साली आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. हिने मिकीच्या चार नोटा घेतल्या आणि एकही मोडू दिली नाही. म्हणाली, "असू देत, नातवंडं होतील तेव्हा दाखवू." माझा संग्रह तिथून सुरू झाला. पुढे मुलाने, भाच्याने, बँकेतल्या मित्रांच्या मुलांनी भर घातली. आज एकतीस नोटा आहेत.

मे २०१६ मध्ये कंपनीने या नोटा विकणं बंद केलं. लोक गिफ्ट कार्ड घ्यायला लागले होते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला आपल्याकडे ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. एक सरकारी चलन, दुसरं आगाऊ पैसे भरून घेतलेलं कुपन, तेव्हा दोन्हींना एकाच तराजूत घालू नका. पण संग्राहकाला फरक लक्षात ठेवावा लागतो. डिस्नीने नोटा देणं थांबवलं, घेणं थांबवलं नाही. आपल्या जुन्या नोटांचं मात्र देणंच संपलं. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्या जवळ ठेवायच्या तर एकूण १०, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी २५ पर्यंत. कोणाच्या डब्यात जास्त असतील तर बघून घ्या बरं का!

२०१८ साली मी पुन्हा डिस्नी वर्ल्डला गेलो. यावेळी ही नव्हती. नातू सहा वर्षांचा होता. त्याला फुगा हवा होता. मी तिच्या चारपैकी तीन नोटा काढल्या, वर थोडे साधे डॉलर घातले आणि काउंटरवर दिल्या. तिथल्या मुलीने उलटसुलट पाहिल्या, हसली आणि घेतल्या. विक्री बंद होऊन दोन वर्षं झाली होती, तरी शब्द पाळला गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, आईच्या नोटा खर्च केल्या?" मी म्हटलं, "नातवंडांसाठीच ठेवल्या होत्या ना?" चौथी मात्र अल्बममध्ये आहे.

जमवणाऱ्यांसाठी दोन शब्द. नोटेला सेलोटेप लावू नका, घडी घालू नका, टाचणी तर नकोच. कोरी नोट आणि हाताळलेली नोट यांच्या किमतीत फार अंतर असतं.

आणि सगळ्यांसाठी एक विनंती. माझ्यामागे या नोटा कोणी खेळण्यातल्या समजून रद्दीत टाकू नये म्हणून मी वही केली आहे. नोट कुठली, कोणी दिली, आजही कुठे चालते, सगळं त्यात लिहिलंय. तुमच्या ठेवींचं, लॉकरचं, पॉलिसीचंही असंच लिहून ठेवा, नॉमिनेशन करा. १० वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. वारसांना त्या नंतरही मागता येतात, पण मागायला आधी माहीत तर हवं! देणारा तयार असतो, घेणाऱ्याला पत्ता नसतो, असं मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं आहे.

अल्बम रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये ठेवणार आहे. मुलांना घेऊन या. आणि आपल्या पहिल्या आनंदमेळ्याचं एखादं कुपन कोणाकडे उरलं असेल तर मला द्या. वडापाव मात्र आजच्या भावाने मिळेल!