टाकीत हवा हवी, पाइपात नको

(सिंधीपुरा, बऱ्हाणपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडच्या व्याख्यानमालांत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सगळं बोलून झालं. ट्रकच्या डिझेल लाइनीवर कुणी तासभर बोललेलं मात्र माझ्या ऐकिवात नाही. पण बऱ्हाणपूरचं पोट केळीवर आणि कापडावर चालतं, आणि दोन्ही माल ट्रकनंच बाहेर जातो. तेव्हा हा विषय इथे परका नाही.

केळी भरलेली गाडी इंदूरकडे निघते. असीरगडच्या चढाला लागते आणि मध्येच झटके खाऊन बंद पडते. ड्रायव्हर सेल्फ मारत राहतो. क्लीनर उतरतो, ब्लीडिंग स्क्रू सैल करतो, हँड पंप मारतो. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. गाडी चालू होते. ‘एअर घेतली होती’ एवढं म्हणून सगळे मोकळे होतात, आणि चार दिवसांनी तीच गाडी पुन्हा उभी. इकडे मे महिन्याच्या उन्हात घड पिकायला लागलेले असतात. माझं सांगणं एवढंच आहे की एअर काढली म्हणजे दुरुस्ती झाली असं होत नाही. ती कुठून शिरली ते सापडायला हवं.

एवढ्याशा हवेनं एवढं मोठं इंजिन का बसतं? पंपातला प्लंजर डिझेल दाबतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून तो दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझल उघडायला २०० बारच्या आसपास किंवा जास्तच दाब लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की प्लंजर डिझेलऐवजी त्यालाच दाबत बसतो. बुडबुडा आकसतो, फुगतो, पुन्हा आकसतो. नोझल मात्र बंदच.

गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेलचं १८९७ चं इंजिन हवेवरच अवलंबून होतं. त्यात तेल सिलिंडरमध्ये ढकललं जाई ते दाबलेल्या हवेच्या झोतानं, आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. ते धूड कारखान्यात ठीक, रस्त्यावर कसं न्यायचं? बॉशनं १९२७ मध्ये हवेशिवाय तेल फवारणारे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, तेव्हा डिझेल ट्रकचा मार्ग खऱ्या अर्थानं मोकळा झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये याच कामासाठी मायको कंपनी निघाली. आजही जुना मिस्त्री कुठल्याही पंपाला ‘मायको पंप’च म्हणतो.

आता हवा शिरते कुठून ते पाहू. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप हा ओढणारा भाग. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं. ढकलणाऱ्या भागात जोड सैल असेल तर डिझेल ठिबकतं, धूळ चिकटते, डाग दिसतो. ओढणाऱ्या भागात मात्र बाहेरच्या हवेचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो. तिथल्या फटीतून गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडाठक्क असतो, म्हणून मिस्त्री त्याच्याकडे बघतच नाही आणि ओल दिसते तिथेच पाना चालवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरतं आणि सकाळी गाडी घेत नाही.

शोधायची रीत सोपी आहे. फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा हातभर तुकडा जोडा आणि इंजिन चालू ठेवा. आत मोहरीएवढे बुडबुडे सरकताना दिसले, तर गळती मागे आहे. मग टाकीचा पाइप काढून कॅनमधून छोट्या नळीनं डिझेल द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकीत किंवा तिच्या पाइपात. नाही थांबले तर फीड पंपाजवळच्या जोडांत. टाकी भरलेली असताना गाडी ठणठणीत चालते आणि निम्म्याखाली आली की एअर घेते, असं असेल तर टाकीतला सक्शन पाइप मध्येच तडकलाय असं समजा. काम झालं की ती नळी काढून टाका. आपल्या उन्हात ती कडक होऊन चिरते आणि नवा दोष तयार होतो.

पाइप धरून ठेवणाऱ्या बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर काही रुपयांचा असतो. बोल्ट उघडला की वॉशर नवा घाला. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा नीट बसेलच असं नाही. फिल्टरची रबरी रिंग, वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू आणि क्लिपखाली चिरलेलं होजचं टोक, या तीन जागा आधी तपासा. या जोडांवर साबण किंवा एम-सील फासू नका. टाकीच्या गळतीवर साबण तात्पुरता चालतो. ओढणाऱ्या जोडावर तो आत खेचला जातो आणि फिल्टर चोंदतो.

टाकीची गोष्ट उलटी आहे. तिथे हवा आत यायलाच हवी. आपल्या कुंडी भंडाऱ्याचं उदाहरण घ्या. १६१५ साली, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहराकडे आणलं. पंप नाही, फक्त उतार. वाटेत शंभराहून जास्त कुंड्या, सगळ्या वरून उघड्या. पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब कायम असल्यानं कुठेच ओढ पडत नाही. टाकीच्या झाकणातलं बारीक भोक तेच काम करतं. झाकण हरवलं की आपले लोक चिंधी कोंबतात, वरून पॉलिथिन बांधतात. मग डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी वाढते, डिझेलात विरघळलेली हवा सुटते आणि एरवी धरून असलेले जोडही हवा ओढू लागतात. गाडी काही अंतर जाऊन मरते, थोड्या वेळानं आपोआप घेते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर मिस्त्रीला बोलवायच्या आधी भोक साफ करा.

घाटाचं म्हणाल, तर तळाशी डिझेल असताना चढ लागला की ते टाकीत एका बाजूला जातं आणि पाइपाचं तोंड उघडं पडतं. चढ लागायच्या आधी डिझेल भरून घ्या. तोच पैसा, फक्त तासभर आधी.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं. ते पाळणाऱ्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळतं अशा गाड्यांत, दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो. तिथे जुन्या सवयीनं नोझलचा पाइप सैल करून सेल्फ मारू नका. ती बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. यातल्या बऱ्याच पंपांना वंगणही डिझेलचंच मिळतं, त्यामुळे हवेवर पंप फिरला की आतून घासतो. नवा फिल्टर बरणीतल्या डिझेलनं वरून भरून लावणंही टाळा. न गाळलेला कचरा थेट पंपात जातो. फिल्टर कोरडाच लावा आणि हाताला कडक लागेपर्यंत हँड पंप मारा. त्यानंतरही गाडी घेत नसेल तर सेल्फ मारणं थांबवा आणि रेलचा दाब वाचणारा स्कॅनर असलेला माणूस बोलवा.