फ्री रिलीफ: सगळ्यात जवळची जागा, सगळ्यात चांगली नव्हे

आज गोल्फच्या अशा एका नियमाबद्दल बोलू, ज्याचं नाव ऐकूनच अनेकांचा गैरसमज होतो. फ्री रिलीफ. 'फ्री' म्हटलं की आपल्याला वाटतं, काहीतरी फुकट मिळतंय, तर चांगलंच मिळणार. नियम मात्र एवढंच म्हणतो, की चेंडू हलवल्याबद्दल दंडाचा फटका लागणार नाही. नवी जागा चांगली असेल, असं कुठेही म्हटलेलं नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण गोल्फमध्ये प्रत्येक होलवर पंच उभा नसतो. निर्णय तुमचा तुम्हालाच घ्यायचा असतो. चुकीच्या जागेवरून चेंडू मारला, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके दंड लागतो आणि मॅच प्लेमध्ये तो होलच हातचा जातो.

पहिला प्रश्न: समोर आहे तो अडथळा आहे का? नियमांच्या भाषेत अडथळा म्हणजे माणसाने बनवलेली वस्तू. बंकरमधला रेक, पाण्याची बाटली, लाल किंवा पिवळा उपटता येणारा खुंटा, हे हलवता येणारे अडथळे. ते खुशाल बाजूला करा. करताना चेंडू हलला, तर दंड नाही. चेंडू परत मूळ जागी ठेवायचा, एवढंच.

पान, काटकी, दगड या नैसर्गिक वस्तूंचा हिशोब वेगळा. त्याही उचलता येतात, पण उचलताना चेंडू हलला तर टी आणि ग्रीन सोडून इतरत्र एक फटका दंड बसतो. १९९९च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्सच्या चेंडूपुढे एक भलामोठा दगड होता. तो जमिनीत रुतलेला नव्हता, म्हणून सुटी नैसर्गिक वस्तू ठरला आणि प्रेक्षकांनी मिळून तो ढकलला. त्याला फ्री रिलीफ मिळाला नव्हता. चेंडू होता तिथेच राहिला, फक्त दगड हलला.

आता हलवता न येणारे अडथळे: कार्ट पाथ, पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड, इमारत. फ्री रिलीफ मुख्यतः यांच्यासाठी. पण इथे एक मोठा अपवाद आहे. मैदानाची हद्द दाखवणारं कुंपण, भिंत किंवा पांढरा खुंटा हा अडथळा मानतच नाहीत. चेंडू हद्दीच्या कुंपणाला चिकटला, तर फुकट सुटका नाही आणि पांढरा खुंटा उपटायचाही नाही.

दुसरा प्रश्न: अडथळा खरंच आड येतोय का? चेंडू त्यावर किंवा त्याला टेकून असेल, तुमचे पाय त्यावर पडत असतील किंवा स्विंग त्याला अडत असेल, तर तो आड आला. चेंडू ग्रीनबाहेर असताना तो आणि होल यांच्या मधोमध खांब आहे, एवढं कारण पुरत नाही. चेंडू ग्रीनबाहेर असताना ग्रीनच्या कडेचं फवाऱ्याचं तोंड पटच्या रेषेत आलं तरीही पुरत नाही, क्लबने तसा स्थानिक नियम केला असेल तर गोष्ट निराळी. शिवाय चेंडू झाडाच्या मुळांत असा अडकलाय की मारताच येणार नाही, आणि पाय मात्र पाथवर आहेत, तर पाथचं निमित्त करून सुटता येत नाही.

तिसरा प्रश्न: जायचं कुठे? इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. नियम एकच बिंदू सांगतो: होलच्या जवळ न जाता, चेंडू, पाय आणि स्विंग तिन्ही मोकळे होतील अशी सगळ्यात जवळची जागा. समजा, तुम्ही उजव्या हाताने खेळता आणि चेंडू पाथच्या मधोमध आहे. तुम्ही चेंडूच्या डाव्या बाजूला उभे राहता. डावीकडे गेलात, तर चेंडू पाथच्या कडेबाहेर आला की काम झालं. उजवीकडे गेलात, तर चेंडूबरोबर तुमचे पायही पाथबाहेर यायला हवेत, म्हणजे आणखी दोन-तीन फूट. म्हणून तुमचा बिंदू बहुधा डावीकडे. तिथे झुडूप असलं आणि उजवीकडे मऊ हिरवळ असली, तरी बिंदू डावीकडेच.

त्या बिंदूपासून एक क्लबची लांबी मोजायची. त्यासाठी पटर सोडून पिशवीतला सगळ्यात लांब क्लब घ्यायचा. मग गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. २०१९पूर्वी तो खांद्याच्या उंचीवरून सोडत. चेंडू आखलेल्या जागेबाहेर घरंगळला, तर पुन्हा सोडा. दुसऱ्यांदाही बाहेर गेला, तर त्या वेळी जिथे जमिनीला टेकला, तिथे ठेवा.

चेंडू बंकरमध्ये असेल, तर फुकट रिलीफ बंकरच्या आतच मिळतो. बाहेर यायचं, तर एक फटका द्यावा लागतो. आणि लाल-पिवळ्या खुंट्यांच्या पेनल्टी एरियात पाथ किंवा खांबापासून फ्री रिलीफ नाहीच.

कधी कधी हा नियम खेळाडूच्या पथ्यावर पडतो. १९७९च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या फेरीत सेवे बॅलेस्टेरोसचा १६व्या होलवरचा टी शॉट थेट उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये गेला. त्याला दंडाशिवाय ड्रॉप मिळाला, त्याने बर्डी केली आणि स्पर्धाही जिंकली. पण झुडपात नेणारा नियमही हाच.

म्हणून एक सवय लावून घ्या. चेंडू उचलण्याआधी तो बिंदू शोधा, तिथे टी रोवा आणि ड्रॉप कुठे पडेल ते बघा. रिलीफ घेणं सक्तीचं नाही. पाथवरून मारणंच बरं वाटलं, तर तसंच मारा. पण चेंडू हातात घेतल्यावर मन बदललं, तर तो परत ठेवायला एक फटका मोजावा लागतो. आधी पाहणं खरोखर फुकट आहे.

पुढच्या फेरीत कार्ट पाथ आडवा आला, की सोबतच्या खेळाडूला बिंदू दाखवून मगच चेंडू उचला. वाद तिथेच मिटेल.