फोनपाशी बसणारीचा हक्क
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय मी जरा लांबचा, अमेरिकेतला घेतला आहे. पण ऐकल्यावर तो आपल्याला परका वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आपल्याकडे संकटात ११२ फिरवतात, तसे अमेरिकेत ९११ फिरवतात. या क्रमांकावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावी झाला. फोन उचलून पोलीस, बंब किंवा रुग्णवाहिका धाडणाऱ्यांना तिकडे डिस्पॅचर म्हणतात. या कामात बायका पुष्कळ आहेत. माझ्या जाऊबाईंची मुलगी टेक्सास राज्यात हेच काम करते, म्हणून मला त्यातले थोडे कळले.

आपल्याला वाटेल, फोन घेणे यात काय मोठेसे? पण नुसता निरोप पोचवून काम संपत नाही. कुणाचा नवरा छातीत कळ येऊन कोसळला व श्वास थांबला, तर रुग्णवाहिका पोचेपर्यंत त्याच्या बायकोकडून छाती दाबून घ्यायची असते. दर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. डिस्पॅचर आकडे मोजत राहते, रडणारीला धीर देते. आमची मुलगी म्हणाली, "काकू, दार उघडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. तो माणूस वाचला की नाही, ते मला आजवर कळले नाही. लगेच दुसरा फोन वाजला होता." घरात शिरलेल्या लोकांना नंतर समुपदेशकाशी बोलायला वेळ मिळाला, हिला मात्र पाणी प्यायलाही उठता आले नाही.

आता हक्कांचे पाहू. अमेरिकन सरकारची व्यवसायांची एक यादी आहे. तिच्यात पोलीस व अग्निशामक 'संरक्षण सेवा' या गटात आहेत. डिस्पॅचर मात्र २०१८ च्या यादीतही कार्यालयीन कामाच्या गटात, टायपिस्ट आणि सेक्रेटरी यांच्या पंक्तीला बसवलेल्या आहेत. ही यादी आकडेवारीसाठी आहे, तिने पगार ठरत नाही. पण जिचे काम कारकुनी म्हणून लिहिले, तिचे दुखणेही कारकुनीच समजले जाते. पोलीस व अग्निशामकांना पुष्कळ ठिकाणी लवकर निवृत्त होऊन पेन्शन घेता येते; डिस्पॅचरला बहुतेक ठिकाणी इतर नोकरांचेच नियम लागतात. कामावर मृत्यू आल्यास कुटुंबाला मदत देणारा कायदा १९७६ साली झाला, तो पोलीस आणि अग्निशामकांसाठी. त्यात डिस्पॅचरचे नाव नव्हते.

टेक्सासने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून त्यांना संकटात प्रथम धावणाऱ्यांमध्ये गणले. व्यवसायांच्या यादीतली जागा बदलावी म्हणून २०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्येही विधेयक मांडले गेले. हे चांगले झाले. तथापि नुसत्या नावाने पेन्शन वाढत नाही. सुनेला घरची लक्ष्मी म्हटले, म्हणून तिजोरीची किल्ली तिच्या हाती येतेच असे नाही!

माझे म्हणणे सर्वांना सारखेच द्या असे नाही. आगीत उडी घेणाऱ्याच्या जिवाला जो धोका आहे, तो फोनपाशी नाही. त्याचा जोखीम भत्ता त्याचाच. पण मनाला झालेली जखम दोघांची सारखी असू शकते. तेव्हा त्या जखमेवरचे उपचार, त्यासाठी भरपगारी रजा आणि ती बरी होत नसेल तर भरपाई, ही फोनपाशी बसणारीलाही मिळावी. रात्रपाळीने थकलेल्या शरीराचा विचार पेन्शनच्या वयातही व्हावा.

भगिनींनो, हे आपल्याला लवकर उमजावे. २०११ च्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या सदरात मोडली. घरात बसून केलेले काम लोकांच्या नजरेस येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडेही ११२ आणि रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकावर कुणीतरी दिवसरात्र बसलेले असते. त्यांना रजा किती, रात्रपाळीनंतर विश्रांती किती, हे आपण विचारले पाहिजे. आपल्या हातचे तर आजपासून करता येईल. मुलांना गंमत म्हणून तो क्रमांक फिरवू देऊ नये. फोन लागताच आधी पत्ता आणि जवळची खूण सांगावी, विचारतील त्याचे उत्तर द्यावे, "प्रश्न कसले विचारता, गाडी पाठवा" म्हणून त्यांच्या अंगावर जाऊ नये. आणि मंडळातर्फे पोलिसांचा व अग्निशामक दलाचा सत्कार कराल, तेव्हा फोन उचलणाऱ्या एखाद्या मुलीलाही बोलवावे, अशी माझी सूचना आहे.