बंद पेटीतले भिंग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत गुवाहाटी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतिहास, संगीत आणि संतवाङ्मय यांवर भाषणे केली. मी मात्र आज बुरशीवर बोलणार आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि फायलींच्या सहवासात केस पांढरे केले. जुने कॅमेरे दुरुस्त करणे हा माझा फावल्या वेळेचा छंद. त्या छंदामुळेच गेल्या श्रावणात माझ्यावर एक जबाबदारी येऊन पडली. तिची हकिगत आपल्यापुढे ठेवतो.

मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाची छायाचित्रे आपण सभागृहाच्या भिंतीवर पाहतो. ती ज्यांनी टिपली त्यांना सारे मंडळ ‘काका’ म्हणत असे. मी येथे बदलून आलो तेव्हा काका हयात नव्हते. त्यांचा याशिका-मॅट 124-जी हा दोन भिंगांचा जपानी कॅमेरा काकूंनी जपून ठेवला होता. सुवर्णमहोत्सवी वर्षाचे समूहछायाचित्र त्याच कॅमेऱ्याने घ्यावे, अशी कल्पना कार्यकारिणीत निघाली आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

काकूंनी पोलादी कपाटातून चामड्याची पेटी काढली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि वर वाळलेल्या झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. दर दसऱ्याला त्या पेटीची पूजा करीत. मात्र काका गेल्यापासून ती उघडली नव्हती.

आमच्यापैकी एकाने वरच्या काचेत डोकावून “अगदी स्वच्छ आहे” असा निर्वाळा दिला. येथेच फसगत होते. या जातीच्या कॅमेऱ्यात वरचे भिंग केवळ आपल्याला दृश्य दाखवते. छायाचित्र घेते ते खालचे. मी मागील झाकण उघडले, शटर ‘बी’ वर उघडे ठेवले आणि खालच्या भिंगातून तिरपा विजेरीचा झोत टाकला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, भोवती अंधार असला आणि हवा हलती नसली, की ते रुजतात. धुळीतील सेंद्रिय कण आणि बोटांचा तेलकटपणा एवढे खाद्य त्यांना पुरते. ब्रह्मपुत्रेच्या काठी जून ते सप्टेंबर हवा कशी असते, हे आपल्याला सांगायला नको. त्यातून चामडे ओलावा शोषून धरते. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, दमटपणा नाही. बुरशी वाढताना आम्ल सोडते. ते प्रथम भिंगावरील पातळ लेप आणि पुढे काचही कोरते. म्हणजे ज्या पेटीला आपण सुरक्षित समजत होतो, तीच बुरशीला मानवली होती.

हे सारे मी काकूंना स्पष्ट सांगितले. कॅमेरा उघडला तर बिघडण्याचाही संभव होता. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तू उघड रे. बंद ठेवून तरी मी काय राखलं?”

या कॅमेऱ्याचे भिंग टेसार धर्तीचे आहे. ही रचना 1902 साली जर्मनीत त्साइस कंपनीतील पाउल रुडॉल्फ यांनी सिद्ध केली. तिच्यात चार काचा असतात. पुढे दोन सुट्या, मध्ये शटर व छिद्राची पाती आणि मागे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. या चिकटवलेल्या जोडीच्या सांध्यात बुरशी शिरली असेल, तर घरगुती कारागिराने हात जोडून थांबावे. आमच्या सुदैवाने बुरशी पुढच्या दोन काचांवर आणि मागच्या जोडीच्या आतील बाजूवर होती.

ताटात पांढरे कापड अंथरून मी कामाला बसलो. नावाचे कडे पकडीने न फिरवता त्याच मापाच्या रबरी बुचाने दाबून फिरवले, म्हणजे ओरखडा पडत नाही. आतील कड्यांना दोन टोकांचा खास पाना लागतो. काच आधी रबरी पिचकारीच्या हवेने झटकावी. धूळ तशीच पुसली तर ती काचेवर कानशीसारखी फिरते. मग 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पातळ अमोनिया समभाग घेऊन, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून, कापसाने मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, वायू साठून ती फुटू शकते. आणि अमोनियाजवळ ब्लीच कदापि आणू नये. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने पुसून काच कोरडी करावी. शटरच्या पात्यांना थेंबही लागता कामा नये. म्हणून मागची जोडी पुढूनच, उघड्या शटरमधून, जेमतेम ओलसर कापसाने पुसली.

इतके सारे करून मी एक चूक केली. दुसरी काच दोन्ही बाजूंनी खोलगट असते, पण दोन्ही बाजूंची वक्रता सारखी नसते. कोणती बाजू पुढे, याची खूण कागदावर करायची मी विसरलो. जोडणी करून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणला, तर समोरचा विजेचा खांब कडेला विरघळल्यासारखा दिसू लागला. आयुष्यभर हाताखालच्यांना ‘नोंद ठेवा’ म्हणून बजावणाऱ्या या अधिकाऱ्याला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पुन्हा उघडून काच उलटवली, तेव्हा खांब रेखीव उभा राहिला.

भिंग पूर्ववत झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. बुरशी गेली, तिने कोरलेला नखाएवढा डाग राहिला. तो आता जाणार नाही. प्रकाश पाठीशी घेतला तर त्याचा उपद्रव नाही. प्रकाशासमोर धरले तर चित्रावर किंचित धुके येते. फिल्मच्या एका गुंडाळीवर 12 चित्रे येतात. त्यांतील अकरा समूहाची घेतली आणि बारावे काकूंचे. ते नेमके खिडकीसमोर घेतले गेले आणि त्यावर धुके आले. मी दिलगिरी व्यक्त केली, तर त्या म्हणाल्या, “असू दे. इतक्या वर्षांनी त्याने डोळा उघडलाय.”

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांचा असा एखादा कॅमेरा असेल. तो चामड्याच्या पेटीतून आजच बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. आतील आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा कोरडे करावेत. आणि मुख्य म्हणजे महिन्यातून एकदा कॅमेरा हाती घ्या, शटर चालवा, भिंगाला उजेड आणि वारा द्या. दसऱ्याला पूजा जरूर करावी. परंतु पेटी उघडून करावी.

मंडळाच्या कपाटातील पुस्तके आणि आपल्या नातवंडांच्या तोंडची मराठी यांनाही हाच नियम लागू पडतो, असे मला वाटते. येथील हवा दमट आहे, याचा दोष हवेला देऊन भागणार नाही.