कॅफेतलं ऑफिस आणि फुकटचं वायफाय

लोकलमध्ये असाल, बाईक पार्क करत असाल किंवा खरंच एखाद्या कॅफेत बसला असाल, आजचा एपिसोड तुमचाच आहे.

कॅफेत बसून काम करणं म्हणजे चैन, असं आमच्या घरी अजूनही वाटतं. पण पुण्यात टू बीएचकेत चौघं राहताय आणि सकाळी १० ला चौघांचेही कॉल आहेत, तर बाहेर पडणारा माणूस कॉफी विकत घेत नसतो, टेबल भाड्याने घेत असतो. माझा हिशोब सांगतो. कॉफी आणि काहीतरी खायला, ३५० रुपये. महिन्याचे २० दिवस गेलो तर ७,००० होतात. म्हणून मी आठवड्यातून दोनच दिवस जातो.

गंमत बघा, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं आणि तिथे कॉफीबरोबर इंटरनेटही विकायचे. तेव्हा लोक नेटसाठी यायचे. आता नेट फुकट आणि कॉफी महाग! (हसतो)

बरं, या फुकटच्या नेटवर धोका किती? 'पब्लिक वायफाय वापरलं की पासवर्ड गेलाच' असले फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमचा पासवर्ड किंवा मेल सहजासहजी वाचता येत नाही. नेटवर्क चालवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर आहात हे मात्र बरेचदा कळतं. ऑफिसचं व्हीपीएन सगळ्या ट्रॅफिकसाठी चालू असेल तर तेही झाकलं जातं.

खरी भीती खोट्या नेटवर्कची. कॅफेच्या नावासारखंच नाव देऊन कोणीही स्वतःच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करू शकतो. मग लॉगिनचं पान उघडतं, त्यात ऑफिसचा मेल आयडी आणि पासवर्ड मागतात. थांबा! वायफायसाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणं नेहमीचं आहे, मेलचा पासवर्ड कशाला लागतो? नेटवर्कचं नेमकं नाव काउंटरवरच्या दादाला विचारा. ब्राउझरने सर्टिफिकेटची वॉर्निंग दाखवली तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. फोनमधलं ऑटो-कनेक्टही बंद ठेवा.

मी स्वतः बँकेचं काम आणि ऑफिसचं सर्व्हरचं काम मोबाइल डेटावरच करतो. फक्त तासाभराच्या व्हिडिओ कॉलला सहज १ जीबीच्या आसपास डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकचं दुपारीच कल्याण. कॅमेरा बंद ठेवला की तोच कॉल बराच स्वस्तात होतो.

पण माझं मत विचाराल तर कॅफेत माहिती वायफायमधून कमी आणि तोंडातून जास्त फुटते. मागच्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरचा एक जण क्लायंटचं नाव, त्यांचा कुठला सर्व्हर बंद पडलाय आणि टीममधल्या कोणाला काढणार आहेत, हे सगळं पूर्ण कॅफेला ऐकवत होता. ज्याला काढणार, त्याचा मित्र तिथे बसलेला असू शकतो ना! त्याच्या कानात भारीतले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन होते. ते हेडफोन बाहेरचा आवाज तुमच्या कानापर्यंत कमी पोचवतात, तुमचा आवाज बाहेर जायचा थांबवत नाहीत. उलट स्वतःचाच आवाज नीट येत नाही म्हणून माणूस जास्त ओरडतो. पगार, अप्रेझल, इंटरव्ह्यू, असले कॉल सरळ बाहेर फुटपाथवर जाऊन घ्या.

वॉशरूमला जाताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतली माहिती वाचता येऊ नये म्हणून विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू आहे का, हे आज घरीच बघून घ्या.

आणि दुपारी १ ला गर्दी झाली की चार खुर्च्यांचं टेबल सोडा यार. एका कॉफीवर तीन तास झालेले असतात, वेटर काही बोलत नाही, पण त्याची दारात उभी असलेली फॅमिली परत जाते.

चला, माझी स्टँडअप १० मिनिटांत आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!