प्रवाशाचा पेला आणि यजमान शहराचा नळ

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



परगावी किंवा परदेशी निघालेल्या माणसाला ‘तिथले पाणी जपून पी’ हा सल्ला हमखास दिला जातो. सल्ला योग्य आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अपुरा आहे. सारी जबाबदारी तो प्रवाशावर टाकतो आणि पाणी पुरवणारी व्यवस्था मात्र नजरेआड राहते. ही बाब समजून घेण्यास पानिपतचे उदाहरण उपयुक्त ठरेल.

एक शहर, तीन प्रकारचे प्रवासी

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलेले पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. १४ जानेवारी १७६१ च्या युद्धाच्या स्मृतीला अभिवादन करण्यासाठी दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून अनेक लोक येथील काला आंब स्मारकाशी जमतात. हा पहिला प्रवासी. त्याचा मुक्काम एक-दोन दिवसांचा. चादरी, गालिचे, ब्लँकेट यांच्या खरेदीसाठी येणारा परदेशी व्यापारी हा दुसरा. तो आठवडाभर राहतो. उत्तर प्रदेश, बिहार येथून कारखान्यांत कामाला आलेला मजूर हा तिसरा. तोही प्रवासीच, मात्र त्याचा मुक्काम अनेक वर्षांचा असतो.

शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः कूपनलिकांवर, म्हणजे भूजलावर अवलंबून आहे. जिल्ह्यातील बहुतेक विकासगट केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात ‘अतिशोषित’ वर्गात येत राहिले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरवली, त्यांत पानिपत होते. कापड रंगवण्याच्या उद्योगाला पाणी भरपूर लागते आणि रसायनयुक्त सांडपाणीही त्यातूनच निर्माण होते.

दोन धोके, दोन कालमर्यादा

पिण्याच्या पाण्याचे धोके दोन प्रकारचे असतात. पहिला जंतूंचा. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की पटकी, विषमज्वर, कावीळ, अतिसार हे रोग उद्भवतात. हा धोका काही तासांत वा काही दिवसांत प्रकट होतो. स्थानिक जंतूंची सवय नसलेल्या नवख्या प्रवाशाला त्याचा उपद्रव अधिक होतो. दुसरा धोका फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, जड धातू अशा रासायनिक घटकांचा. त्यांतील बहुतेकांचा परिणाम दीर्घकाळच्या सेवनानंतर दिसतो. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत नायट्रेट हा मात्र ठळक अपवाद आहे. तेथे अपाय लवकर होतो.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत नसल्यास ती १.५ पर्यंत चालते.

या भेदावरून व्यवहारातील नियम निघतात. खळखळून उकळलेले पाणी जंतूंपासून सुरक्षित असते. परंतु उकळल्याने फ्लोराइड वा नायट्रेट नाहीसे होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. बर्फ, सरबत आणि कच्च्या कोशिंबिरी यांतूनही तेच पाणी पोटात जाते. अतिसार झालाच तर क्षार-साखरेचे द्रावण प्राण वाचवते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाची उपयुक्तता मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली.

म्हणजे अल्पकाळच्या पाहुण्याने जंतूंची चिंता प्रामुख्याने करावी. मजुराच्या वाट्याला मात्र दोन्ही धोके येतात.

बाटलीचे अर्थशास्त्र

पाण्याची शुद्धता डोळ्यांना दिसत नाही. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते. यालाच माहितीची विषमता म्हणतात. ती दूर करण्यासाठी शासन मानके ठरवते. बाटलीबंद पाण्यावर २००१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही अट अन्न सुरक्षा नियमावलीतून वगळण्यात आली आणि त्यानंतरच्या महिन्यात असे पाणी ‘अतिजोखमीच्या’ अन्नपदार्थांच्या गटात टाकण्यात आले. ग्राहकाने परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि झाकणाची मोहोर पाहणे अगत्याचे आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील अन्नाच्या व्याख्येत बाटलीबंद पाणी येते. नळाच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक आहे खरे. पण पालिकांवर ते तितक्याच सक्तीने बंधनकारक केलेले नाही. ज्याची ऐपत आहे त्याच्या पाण्याला कायद्याचे अधिक संरक्षण आहे. शिवाय बाटलीवरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नात भर म्हणून मोजला जातो. वस्तुतः तो सार्वजनिक सेवेच्या अपयशामुळे करावा लागणारा निवारक खर्च होय. सुस्थितीतील वर्ग बाटलीकडे वळला की नळ सुधारण्याचा आग्रहही क्षीण होतो. प्रवासी त्या शहराचा मतदार नसतो, आणि स्थलांतरित मजुराचे नावही बहुधा गावाकडच्याच मतदारयादीत असते.

पाणीही प्रवास करते

पानिपतचे सांडपाणी ‘ड्रेन क्रमांक २’ मधून यमुनेला मिळते आणि नदी पुढे दिल्लीकडे जाते. यमुनेत अमोनिया वाढल्यामुळे वझिराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन अनेक हिवाळ्यांत घटवावे लागले आहे. अमोनिया क्लोरिनशी संयोग पावतो. परिणामी जंतुनाशासाठी क्लोरिन कमी पडते. येथे रासायनिक दूषण जंतूंच्या धोक्यालाच वाट करून देते. दिल्लीत उतरणाऱ्या प्रवाशाच्या पेल्यातील पाण्याचे भवितव्य असे काही अंशी वरच्या अंगाच्या गावांत ठरते. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यता म्हणतात. दूषण करणारा त्याची किंमत मोजत नाही, ती तिसऱ्याच्या माथी पडते.

उपाययोजनेची दिशा

राज्यघटनेनुसार पाणी हा राज्यसूचीतील (नोंद १७) विषय आहे आणि बाराव्या अनुसूचीने पाणीपुरवठा नागरी संस्थांच्या कक्षेत आणला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी सुरक्षित पाण्याचा हक्क मानवी हक्क म्हणून मान्य केला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घरांपर्यंत नळ नेण्याचे कार्य हाती घेतले. नळ पोहोचणे आणि त्यातील पाणी पिण्यायोग्य असणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत.

ओडिशातील पुरी या तीर्थक्षेत्राने जुलै २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याची ग्वाही दिली. ही सोय घरगुती नळांबरोबरच यात्रेकरूंसाठी सार्वजनिक ठिकाणीही करण्यात आली. रहिवाशासाठी केलेल्या गुंतवणुकीचा लाभ पाहुण्याला आपोआप मिळतो; पाहुण्यासाठी ठेवलेल्या बाटलीचा लाभ रहिवाशाला मिळत नाही. पानिपतसारख्या शहरांनी कूपनलिकांची नियमित तपासणी करून निष्कर्ष जाहीर करणे, उद्योगांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर सतत देखरेख ठेवणे, दूषणाचा खर्च दूषण करणाऱ्याकडून वसूल करणे आणि बसस्थानक, स्मारक, कामगार वस्ती येथे तपासलेल्या पाण्याचे सार्वजनिक नळ उभारणे, ही या दिशेची पावले होत.

शहराचे पाणी सुरक्षित आहे की नाही, हे अतिथिगृहातील बाटलीवरून ठरवू नये. कामगार वस्तीतील नळाचे पाणी काला आंबला आलेल्या पाहुण्याला निःशंकपणे देता येते काय, हीच त्याची खरी कसोटी होय.